बापूमामांना विचारलंस का?

विजूताई,

तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नसतं, मला माहीत आहे. शाळेच्या शोकसभेत सगळे कसे नीट बोलले. कोणी तुझ्या साधेपणाबद्दल बोललं, कोणी तुझ्या शिस्तीबद्दल. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, माइक धरला, ‘बाईंच्या कामाला तोड नव्हती’ असं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. खरं बोललो असतो तर लोकांनी मला बाहेर काढलं असतं. मला म्हणायचं होतं की या बाईने एका माणसाची वाचा स्वतःच्या हट्टापायी तीन महिने अडवून धरली, ती सोडवायचा प्रोग्राम अर्धा लिहिला, त्यातल्या प्रत्येक कामाला माशाचं नाव दिलं, कुठे काय आहे ते कोणालाही सांगितलं नाही आणि एका रविवारी सकाळी गॅसवर चहा ठेवून निघून गेली.

आता तू म्हणशील, पक्या, आधी श्वास घे, मग बोल. शाळेच्या संगणक कक्षात तू मुलांना हेच सांगायचीस आणि मी मुलगा नसूनही मलाही हेच सांगायचीस. मी दुकानातून मशिनं दुरुस्त करायला यायचो. शाळेकडे आलेले जुनेपुराणे, कोणीतरी टाकून दिलेले संगणक आपण दोघांनी मिळून लिनक्स या फुकटातल्या प्रणालीवर चालवले. विकतचं काही नको, जे उघडून बघता येईल तेच वापरायचं, हा तुझा नियम. मला त्या नियमाचं फार काही नव्हतं. मला तुझ्या डब्यातल्या काजूच्या उसळीचं होतं. पण सोळा वर्षं एकाच टेबलावर बसलं की माणसाला नियमही लागतात.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं का? या नव्या डिस्प्लेवरूनच झालं होतं, पाच-सहा वर्षांपूर्वी. पडद्यावर जे काही दिसतं, खिडक्या, अक्षरं, बाण, ते सगळं दाखवायचं काम लिनक्समध्ये वर्षानुवर्षं एकच जुनी व्यवस्था करत आली. तिचं नाव नुसतं एक्स. आता तिच्या जागी वेलँड नावाची नवी व्यवस्था येणार, आणि सगळे प्रोग्राम हळूहळू तिकडे न्यावे लागणार, असं तू वाचून आली होतीस. मी म्हणालो, चालतंय ते कशाला मोडायचं? मला शेजारच्या मशिनवर बसवलंस आणि म्हणालीस, तुझ्या मेलमध्ये शीर जरा. मी शिरलो. तू तुझ्या पडद्याकडे बघत शांतपणे वाचलंस, “मोरीमसाला सत्तावीस.” तो माझा पासवर्ड होता, माझ्या आवडत्या माशाचा. तू माझ्या मशिनवर दहा ओळींचा एक प्रोग्राम आधीच सोडून ठेवला होतास. मी दुसऱ्याच खिडकीत टाइप करत होतो आणि तो माझं अक्षर न् अक्षर टिपून तुझ्याकडे पाठवत होता. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी मागितली नव्हती, कारण जुन्या व्यवस्थेत मागावीच लागत नाही. सगळे प्रोग्राम एकाच माजघरात बसलेले, कोणीही कोणाच्याही ताटात हात घालावा.

“नव्यात असं चालत नाही,” तू म्हणालीस. “तिथे प्रत्येकाला आपापली खोली. दुसऱ्याच्या खोलीत जायचं तर दार वाजवायचं.”

“आणि दार कोणी उघडलंच नाही तर?”

“तर परत जायचं.”

मला पासवर्डाची लाज वाटली म्हणून मी तेव्हा फार वाद घातला नाही. घालायला हवा होता. कारण पुढे त्याच बंद दारापाशी आपण दोघं एकमेकांवर ओरडत उभे राहणार होतो, आणि आत माझे बापूमामा बसलेले असणार होते.

बापूमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. पावस गावाच्या अलीकडे घर, मागे आंब्याची कलमं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्त साकळलं. त्यातून वाचले, पण हातपाय गेले आणि जीभ गेली. डोकं शाबूत राहिलं, डोळे राहिले, आणि डाव्या हाताचा अंगठा राहिला. ज्यांनी त्यांना आधी ऐकलं नाही त्यांना हे कळायचं नाही, पण गावचं गाऱ्हाणं मामा घालायचे. शिमग्यात पालखी सहाणेवर, गावच्या त्या दगडी चौथऱ्यावर, बसली की देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलायचं ते काम. कोणाचं लग्न अडलंय, कोणाची होडी अजून आली नाही, कोणाच्या कलमांना मोहोर नाही, सगळं एका दमात. त्यांनी थांबावं आणि पाचशे माणसांनी “व्हय म्हाराजा” म्हणावं. त्यांच्या आवाजाने पाठीवर काटा यायचा. तो माणूस खाटेवर पडून छताकडे बघत होता.

तू त्यांना आधी कधी भेटलीही नव्हतीस. मी सहज सांगितलं आणि पुढच्या रविवारी तू एसटीने हजर. तू त्यांच्यासाठी ‘पाटी’ लिहिलीस. पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक चौकट, तिच्यावर पिवळा उजेड फिरत राहायचा, हवं ते अक्षर उजळलं की मामांनी अंगठा दाबायचा. अंगठ्याखाली दाराच्या बेलचं बटण, त्याच्या तारा जुन्या माउसमध्ये डकवलेल्या. उजळलेलं अक्षर जी खिडकी उघडी असेल तिच्यात जाऊन पडायचं, मग ते पत्र असो की मुंबईला मुलाला पाठवायचा निरोप. पहिलं अक्षर तू ‘म’ ठेवलंस. मी विचारलं, ‘अ’ का नाही? तू म्हणालीस, “यांना सगळ्यात जास्त लागणारा शब्द महाराजा आहे.” त्या शिमग्यात मामांनी अडीच महिने खपून गाऱ्हाणं लिहिलं आणि त्यांच्या सुनेने, मनालीने, सहाणेवर वाचलं. बाईने गाऱ्हाणं घालावं की नाही यावर गावात कुजबुज झाली. मामांनी पाटीवर लिहिलं, “घालतोय मी. ती वाचत्ये फक्त.” विषय संपला.

हे सगळं तू केलंस, आणि त्यासाठी तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता पुढचं ऐक.

दिवाळीनंतर मामांचं मशिन गेलं. खाऱ्या हवेने आतून गंजून गेलं होतं, उघडलं तर बोर्डाचा पापुद्रा हातात आला. मी दुकानातून दुसरं नेलं. नवीन मशिन, त्यावर लिनक्सची नवीन आवृत्ती, आणि त्या आवृत्तीतून जुनी डिस्प्ले व्यवस्था काढूनच टाकलेली. जुनी आवृत्ती घालून बघितली तर मशिनने पडदाच दाखवला नाही. मग नवीनच ठेवली आणि पाटी चालू केली. चौकट आली. पिवळा उजेड फिरू लागला. मी बटण दाबून पाहिलं, ‘म’ उजळला. स्वयंपाकघरातून तिसऱ्या-शिंपल्यांच्या सुक्याचा वास येत होता. मी म्हणालो, झालं काम, आणि पाटावर जाऊन बसलो.

‘म’ उजळला, पण तो गेला कुठे ते मी पाहिलं नाही. तो कुठेच गेला नव्हता. जुन्या प्रोग्रामांना नव्या व्यवस्थेत एक कोपरा देतात, तिथे ते दिसतात, हलतात, चालू आहेत असं वाटतं. पण दुसऱ्याच्या खिडकीत अक्षर टाकायचं म्हटलं तर दार बंद. पाटी पडद्यावर सगळं जसंच्या तसं करत होती आणि मामा अंगठा दाबत होते, आणि एक अक्षरही उमटत नव्हतं.

अकरा दिवस. मनालीने मला मध्ये फोन केला होता. म्हणाली, “बाबा लिवतच नायत हल्ली. थोडा वेळ बघतात नि मान फिरवतात. इच्छा नसंल.” मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हणालो, नवीन मशिनची सवय व्हायला वेळ लागतो. हे मी शोकसभेत सांगू शकलो नाही. कोणालाच सांगितलं नाही. सख्ख्या भाच्याने जेवून ढेकर दिला आणि मामाला अकरा दिवस मुकं करून ठेवलं.

तू बाराव्या दिवशी गेलीस. खाटेजवळ बसलीस आणि मनालीच्या सांगण्याप्रमाणे तू एवढंच विचारलंस, “बापू, लिहायचं नाहीये, की लिहिता येत नाहीये? लिहायचं नसेल तर डोळे मिटा.” मामांनी डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवले, आणि त्यांतून पाणी यायला लागलं. तू मला तिथूनच फोन केलास. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

“त्यांना विचारलंस का?” एवढंच म्हणालीस.

तर चूक माझी, मी कबूल केली. पण त्यानंतरचे तीन महिने तुझे आहेत, विजूताई, आणि त्यांचा हिशेब मी तुला सोडणार नाही. माझ्याकडे उपाय होता. पंधरा मिनिटांचा. पाटीला मशिनचे सगळे अधिकार देऊन टाकायचे, म्हणजे ती डिस्प्लेला बगल देऊन थेट खालून अक्षरं ढकलते, जणू खरा कीबोर्डच दाबतोय. कोणाला विचारायला नको. लोक करतात असं. मी तुला दाखवलं, चालवून दाखवलं. तू मान हलवलीस.

“ज्याला सगळे अधिकार दिले त्याच्यावर उद्या दुसरं कोणी बसलं तर? बापूंचं बँकेचं सगळं त्या मशिनवर आहे.”

“पावसला कोण येणार आहे त्यांचं मशिन फोडायला?”

“तुझा मोरीमसाला फोडायला तरी कोण येणार होतं?”

मग तू मला नवा मार्ग सांगायला लागलीस. नव्या व्यवस्थेला रीतसर सांगायचं, की मला या माणसाच्या वतीने लिहायचं आहे. ती पडद्याच्या मध्यावर एक चौकट दाखवते. हा प्रोग्राम तुमच्या वतीने टाइप करू इच्छितो, परवानगी द्यायची का? खाली दोन पर्याय, होय आणि नाही. माणसाने होय म्हटलं की झालं. मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाला बाण हलवता येत नाही, फक्त जागच्या जागी दाबता येतं, त्याला तू पडद्याच्या मध्यावर जाऊन ‘होय’ दाबायला सांगणार. परदेशातल्या कोणा शहाण्याने सुरक्षेसाठी म्हणून बसवलेली चौकट, आणि तिच्यापुढे आमचा बापूमामा. तू तिकडच्या लोकांना रीतसर लिहिलंसही. उत्तर आलं, की हे असंच असायला हवं, मुद्दामच असं केलं आहे. ते उत्तर तू मला वाचून दाखवलंस आणि वर म्हणालीस, त्यांचं बरोबर आहे. तेव्हा मला तुझा खरा राग आला.

“मनाली विचारेल,” मी म्हणालो. “मामा डोळे मिटतील, ती होय दाबेल. संपलं.”

“आणि मनाली शेतावर गेली असेल तेव्हा? शिवाय ते उत्तर मनालीचं झालं.”

“ताई, उत्तर कोणाचं का असेना, त्यांना लिहिता आलं पाहिजे.”

“पक्या, त्या माणसाला कूस बदलताना कोणी विचारत नाही. जेवण भरवताना विचारत नाही. दाढी कधी करायची, टीव्ही कधी लावायचा, कोणी विचारत नाही. अख्ख्या घरात त्याला तोंडावर ‘चालेल का’ म्हणून विचारणारं एकच यंत्र आलंय. तेही तू गप्प करणार?”

ऐकायला हे सगळं फार छान आहे. पण तू छान बोलत होतीस तेव्हा मामा पुठ्ठ्यावर होते. मनालीने बुटांच्या खोक्यावर बाराखडी लिहिली होती. ती एकेका अक्षरावरून बोट फिरवायची आणि मामा डोळे मिटायचे. एका शब्दाला पाच मिनिटं, आणि मध्येच भात करपला की शब्द तसाच सोडून उठायचं. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. शिमगा जवळ आला. दर आठवड्याला मी विचारायचो, झालं का? तू म्हणायचीस, होतंय.

तो गुरुवारचा फोन. मी दुकानात होतो, गिऱ्हाईक समोर उभं. मी म्हणालो, ताई, उद्या मी माझं पंधरा मिनिटांचं काम करून येतो, तुला पटो न पटो. तू म्हणालीस, आठवडा दे. मी म्हणालो, तीन महिने दिलेत. मग मी जे बोललो ते मला रोज ऐकू येतं. म्हणालो, “तुझी ती होय-नाहीची चौकट घेऊन बस तू. होय म्हणायला त्यांचं बोट तरी कुठे जातंय?”

तू शांतपणे म्हणालीस, “कुठे जातंय ते तू विचारलंस का त्यांना?”

मी फोन ठेवला. तू परत लावलास. मी उचलला नाही. शुक्रवारी लावलास, मी उचलला नाही, गिऱ्हाईक होतं असं स्वतःला सांगितलं. शनिवारी तू लावला नाहीस. रविवारी तुझ्या भावाचा आला.

मी तुझ्यावर चिडलोय ते या दोन फोनांसाठी. तू तिसरा का नाही लावलास? सोळा वर्षांत मी किती वेळा फोन ठेवला असेन, आणि तू दर वेळी तिसऱ्यांदा लावायचीस आणि म्हणायचीस, झाला का राग? या वेळी मी तिसऱ्याची वाट बघत होतो.

तेरावं झाल्यावर तुझ्या भावजयीने मला बोलावलं. पत्र्याचा बिस्किटाचा डबा पुढे केला. “ह्या वायरीबियरी तुमच्याच असतील काय बघा, नायतर भंगारात देत्ये.” आत एका कीबोर्डाचा उघडा बोर्ड होता, आणि एका लाकडी पट्टीवर बेलची दोन बटणं, अर्धा इंच अंतरावर. तारा तुझ्या पद्धतीच्या, नीट वेणी घातलेल्या. दोन बटणं कशाला ते मला कळलं नाही. एक जादा ठेवलं असेल म्हटलं. तुझा संगणकही त्यांनी मला देऊन टाकला. मी डबा पिशवीत टाकला, पेन ड्राइव्हवर माझा पंधरा मिनिटांचा उपाय घेतला आणि दुसऱ्या दिवशी पावसच्या गाडीत बसलो. आता अडवायला कोणी नव्हतं. सांगतो तुला, मला थोडं बरंही वाटत होतं.

मामांच्या खाटेशेजारी मशिन चालू केलं. पेन ड्राइव्ह लावणार तेवढ्यात लक्षात आलं, मामा पडद्याकडे बघत नाहीयेत. पिशवीतून डब्याचं झाकण वर आलं होतं, त्याकडे बघतायत. मी डबा बाहेर काढला. विचारलं, “मामा, हे ओळखीचं आहे?” त्यांनी डोळे मिटले, म्हणजे हो. मी पट्टी काढून त्यांच्या हाताखाली ठेवली आणि मूर्खासारखं विचारलं, “दोन बटणं कशाला?” याचं उत्तर डोळे मिटून कसं देणार? मामांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा अंगठा डाव्या बटणावरून उचलला गेला, थरथरत अर्धा इंच बाजूला सरकला आणि उजव्या बटणावर येऊन बसला. मग परत डावीकडे.

मी मनालीला हाक मारली. ती हात पुसत आली. मी म्हणालो, अंगठा सरकतो यांचा. ती म्हणाली, “सरकतो की. दिवाळीपासनं. विजूताई पट्टी लावून मोजून गेलेल्या, कुठवर जातो तो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

मी पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. गाडीत मला कळलं तू काय करत होतीस. माउसचं बटण जागच्या जागी दाबतं, म्हणून तू माउस सोडलास. एक बेल म्हणजे कीबोर्डावरचं पुढे सरकायचं बटण, दुसरी बेल म्हणजे पसंत करायचं. चौकट पडद्यावर कुठेही येऊ दे, एका बटणाने होय-नाहीवर फिरायचं आणि दुसऱ्याने निवडायचं. परवानगीची चौकट तू टाळत नव्हतीस. तिच्यापर्यंत मामांचा अंगठा पोचवत होतीस. हे फोनवर एका वाक्यात सांगता येत नव्हतं का, बाई? की सांगत होतीस आणि मी गिऱ्हाईक करत होतो?

मग तुझा प्रोग्राम उघडला आणि परत तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बांगडा’ काय करतो? ‘सौंदाळा’ कोणाला बोलावतो? ‘मोरी’ दोन ठिकाणी आहे, त्यातली खरी कोणती? एकदा मी तुला यावरून हटकलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, माशांची नावं रत्नागिरीत कोणी विसरत नाही. विसरत नाही गं, पण सौंदाळा अक्षरं पाठवतो हे कोणाच्या बापाला कळणार आहे? चार दिवस मी नुसता मासळीबाजारात फिरत होतो. पाचव्या दिवशी चालू झालं. अक्षरं जाऊ लागली. फक्त ती परवानगीची चौकट दर वेळी मशिन सुरू केलं की यायची. एकदा दिलेली परवानगी लक्षात ठेवायची सोय असते. तू ती बंद ठेवली होतीस. मी ती ओळ शोधून काढली, खोडायला गेलो, तर वरती तुझी टीप. प्रोग्राममध्ये माणूस स्वतःसाठी लिहून ठेवतो तशी, मराठीत:

रोज विचारणे. पक्या काढायला सांगेल. काढू नये.

मी उठलो आणि चहा करून आलो. चहा तसाच राहिला. ती ओळ मी काढली नाही.

परवा पावसला गेलो. पट्टी मामांच्या हाताखाली बांधली, मशिन सुरू केलं. पडद्याच्या मध्यावर चौकट आली. परवानगी द्यायची का? मनाली दारात उभी. मामांचा अंगठा हलला, उजेड ‘होय’वर गेला, मग ‘नाही’वर. अंगठा बाजूला सरकला. दाबलं. नाही.

चौकट गेली. मनाली म्हणाली, चुकून झालं असेल. मी परत सुरू केलं. मामांनी सावकाश, अगदी नीट, परत ‘नाही’वर आणून दाबलं. तिसऱ्यांदा. नाही. माझं डोकं फिरलं. तीन महिने तुझा हट्ट, पाच दिवस ते मासे, आणि आता हे. मी जरा मोठ्यानेच म्हणालो, “मामा, लिहायचंच नाहीये का तुम्हाला?” त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी पडवीत जाऊन बसलो. मनालीने कोकम सरबत आणून दिलं.

अर्ध्या तासाने आत गेलो. या वेळी अंगठा ‘होय’वर थांबला. पाटी आली. पिवळा उजेड फिरू लागला. मी त्यांच्या डोक्यामागे उभा राहिलो. सतरा मिनिटं लागली. मामांनी लिहिलं:

नाय म्हणता येतं काय ते बघितलं. येतं.

तू असायला हवी होतीस, विजूताई. मी किती चिडलो असलो तरी हे वाक्य बघायला तू तिथे हवी होतीस. मी मामांचा पाय धरून तसाच खाली बसलो. मनाली हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

पाटीत अजून खोट आहे. अक्षरांची चौकट खालच्या कोपऱ्यात ठेवली तरी नवी व्यवस्था तिला मनाला येईल तिथे नेऊन ठेवते, काल तर ती मामांच्या लिहिण्यावरच जाऊन बसली. ‘ळ’ दोनदा पडतो. मोरी अजून मला समजलेली नाही. हे सगळं तुलाच विचारायचं होतं आणि तू नाहीस, आणि यावरून मी रोज दोन-चार वेळा तरी तुला बोल लावतो. लावणारच आहे.

पण आजचं सांगून थांबतो. शिमगा आठ दिवसांवर आलाय, पुऱ्या गाऱ्हाण्याला या वर्षी वेळ नाही. मामांनी चारच ओळी लिहिल्यात. आज दुपारी मनालीने त्या घरातच, खाटेपाशी उभं राहून, वाचून बघितल्या. सहाणेवर वाचायच्या आधी एकदा मामांना ऐकवायच्या असतात. पहिल्या तीन गावाच्या होत्या. चौथी अशी होती:

बा देवा म्हाराजा, आमची विजू तुझ्याकडं आली हाय. ती सगळ्यांना इचारून करायची. तिला पण कोणतरी इचारणारा भेटू दे रे म्हाराजा.

मनाली थांबली. वाचणारा थांबला की ऐकणाऱ्यांनी म्हणायचं असतं. खोलीत ऐकणारा मी एकटाच होतो. मामा माझ्याकडे बघत होते. गुरुवारी तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं, शुक्रवारी फोन उचलला नव्हता. या वेळी म्हणालो.

“व्हय म्हाराजा.”

मामांनी डोळे मिटले.